टेकडीवरचं नवं बिऱ्हाड

एकदा काय झालं, आमच्या गावाच्या टेकडीवर रातोरात एक भलीमोठी टाकी येऊन उभी राहिली.

आदल्या संध्याकाळी तिथं नुसत्या बोरी आणि दगड होते. सकाळी उठून बघतो तर टाकी! रुप्यासारखी चकचकीत. खाली तीन पाय. ना जिना, ना नळ.

शौनक, पाय पांघरुणात घे. जुई, तू जरा इकडं सरक, आजीच्या कुशीत. ही गोष्ट खरी आहे, बरं का. मी तेव्हा जुईएवढीच होते. मला सगळे छबू म्हणायचे. हसायला काय झालं रे? मी काय जन्मापासून आजी होते?

तर आमच्या गावाचं नाव बोरडोह. टाकी बघायला सगळं गाव पारावर जमलं. सरपंच पुढं आले आणि मिशीवरनं हात फिरवत म्हणाले, "मीच अर्ज केला होता. सरकारनं ऐकलं." मग सगळ्यांनी नारळ देऊन सरपंचांचा सत्कार केला. टाकीच्या बुडातून अधूनमधून धूर यायचा. बायका म्हणाल्या, टाकीची राखण करायला कुणीतरी बिऱ्हाड आलेलं दिसतंय, त्यांच्या चुलीचा असेल. झालं! टेकडीवर नवीन बिऱ्हाड आलं, एवढंच आमच्या गावानं डोक्यात घेतलं आणि जो तो आपल्या कामाला लागला.

पण ती टाकी नव्हती. ते होतं आकाशातलं जहाज. चांदण्यांच्याही पलीकडून लढवय्ये आले होते आणि त्यांना सगळी पृथ्वी जिंकायची होती. सुरुवात बोरडोहपासून. आता बोरडोहच का, ते मला विचारू नका. कुठून तरी सुरुवात करावीच लागते की!

त्यांची जिंकायची एक रीत होती. ती मला मागाहून कळली, पण तुम्हाला आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे घोळ नको. ते काय करायचे, आधी एका भांड्यातून दगड पाठवायचे. म्हणजे काय? तर शरण या, नाहीतर चिरडून टाकू. मग दुसऱ्या भांड्यातून विस्तव पाठवायचे. म्हणजे काय? शरण या, नाहीतर जाळून टाकू. आणि मग तिसरं भांडं पाठवायचे रिकामं. म्हणजे आता मुकाट्यानं तुम्ही स्वतःच आत बसा. जिथं जातील तिथले लोक चिडायचे, तोच दगड उलटा भिरकवायचे, की झाली लढाई सुरू. लढाई झाली की हेच जिंकायचे. असे किती तारे आणि किती ग्रह त्यांनी लुटले होते, त्याला गणती नाही.

आणि आमचीही एक रीत होती. ती सांगायची तर आधी आमच्या उन्हाळ्याचं सांगायला हवं.

काय दिवस होते रे ते! चैत्र उजाडला की वाळवणं सुरू. आज आमच्याकडं पापड, उद्या गयाबाईंकडं कुरडया, परवा अनुसूयावहिनींकडं सांडगे. ज्या घरचं वाळवण, त्या घरी सगळ्या गल्लीतल्या बायका पोळपाट-लाटणी घेऊन हजर. लाटता लाटता जगभरच्या गप्पा. आम्हा पोरांना हातात काठी देऊन राखणीला बसवायचे, कावळ्यांना आणि शेळ्यांना हाकलायला. राखणीची मजुरी म्हणजे तेलात बुडवलेली पापडाची लाटी. तुम्हाला लाटी माहीतच नाही. पापडाच्या पिठाचा कच्चा गोळा असतो तो. जिभेला झोंबतो, आणि तरी आणखी एक हवासा वाटतो. आता तुमची आई दुकानातून पापडाचं पाकीट आणते, त्यात लाटी कुठून येणार? मला त्या पाकिटाचा रागच येतो कधी कधी. असो.

तर सांगत काय होते, भांडी. तेव्हा भांडी सारखी या घरातून त्या घरात फिरायची. कुणी आमटी पाठवली, कुणी खीर पाठवली. प्रत्येक भांड्यावर नाव कोरलेलं असायचं, म्हणजे हरवायला नको. आणि शेजारचं भांडं परत करायचं तर रिकामं करायचं नाही. रीतच होती. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर घालायची, पण रिकामं नाही द्यायचं. माझी आई, द्वारका तिचं नाव, या बाबतीत फार कडक होती. एकदा मी शेजारची वाटी तशीच देऊन आले, तर मला उलट्या पावली साखर घेऊन पाठवलं होतं तिनं.

मग काय झालं, आमच्याकडं पापडांचा दिवस होता. दुपारची वेळ. आई अंगणात उडदाचं पीठ कुटत बसली होती. पीठ घट्ट झालेलं, आणि आमचा वरवंटा नेमका त्याच दिवशी दुभंगला. आई वैतागली. तेवढ्यात हवेतून तरंगत तरंगत एक गडू आला आणि अलगद तुळशीपाशी उतरला. कुणी पाहिलं नाही. मी पाहिलं, पण माझ्या तोंडात लाटी होती.

आईनं गडू उचलला. आत काळाभोर दगड. गुळगुळीत, हाताला गार, आणि जड तर असा!

"कुणाचा गं हा गडू?" आईनं विचारलं.

"माझा न्हाई बया," गयाबाई म्हणाली. "माझ्या गडवाला पोचा हाय."

"माझ्या भांड्यांवर माहेरचं नाव आहे," अनुसूयावहिनी म्हणाली.

आईनं गडू उलटा करून बघितला. बुडाशी वेड्यावाकड्या रेघा कोरल्या होत्या. शरण या, असं लिहिलं होतं म्हणे ते. आईला वाटलं, नाव आहे.

"अक्षर आपलं नाही," ती म्हणाली. "टेकडीवरच्या नव्या बिऱ्हाडाचा असेल. लांबच्या मुलखातली माणसं दिसतात. पण बघा, किती माणुसकी! आपला वरवंटा फुटल्याचं त्यांच्या कानावर गेलं असेल, लगेच दगड पाठवला."

मग आईनं त्या दगडानं पीठ कुटलं. असं मऊ झालं, असं मऊ झालं, की सगळ्या बायका बोट लावून बघायला लागल्या. आणि गडू? तो रिकामा कसा द्यायचा? आईनं त्यात लाट्या भरल्या, वर तेलाची धार सोडली आणि गडू तुळशीपाशी ठेवला. आपण होऊन उडाला तो. आई म्हणाली, "बघा, सरकारी माणसं. सगळं यंत्रावर चालतं त्यांचं."

टाकीत काय झालं असेल? तिथले सगळे जण दगड उलटा यायची वाट बघत होते. तोफा भरून तयार. आणि आल्या लाट्या.

मग दुसरा दिवस. कुरडयांचा. कुरडया म्हणजे पहाटेपासून गडबड. गहू भिजवून, वाटून, त्याचा चीक काढून ठेवलेला असतो. तो मोठ्या पातेल्यात शिजवायचा आणि गरम आहे तोवर सोऱ्यातून पाडायचा. पण त्या दिवशी चूल काही धड पेटेना. नुसता धूर. आई फुंकून फुंकून लालबुंद झाली. तेवढ्यात हवेतून एक पातेलं आलं. आत विस्तव. एकच निखारा, पण काय त्याचा जाळ! पातेल्याच्या बुडाशी पुन्हा त्याच रेघा.

"अगं बाई," आईला अगदी भरून आलं, "आपल्याकडचा धूर बघितला असेल त्यांनी. सख्खा भाऊ एवढी काळजी करणार नाही!"

निखारा चुलीत घातला. चीक बघता बघता शिजला. आणि गंमत म्हणजे तो निखारा विझेचना. पुढं सगळा उन्हाळा त्याच्यावर आमचा स्वयंपाक झाला, लाकूड म्हणून लागलं नाही. आईनं ते पातेलं घासलं, त्यात गरम चीक ओतला, वर दूध घातलं, साखर घातली. आणि दिलं पाठवून.

आता टाकीत मोठाच गोंधळ उडाला. तिकडं शिपायांनी आयुष्यात कधी असं काही खाल्लं नव्हतं. ते बिचारे गोळ्या गिळायचे. सकाळी एक पांढरी, संध्याकाळी एक करडी. त्यांनी चीक खाल्ला आणि पातेल्यासाठी त्यांच्यातच मारामारी झाली. एकट्या सेनापतीनं तेवढं तोंडाला काही लावलं नाही. जिंकल्याशिवाय अन्न घेणार नाही, अशी शपथ होती त्याची. तो म्हणाला, या लोकांना जाळून उपयोग नाही. हे सगळं गावच उचलून न्यायचं. म्हणजे रोज लाट्या, रोज चीक.

म्हणून मग दोन दिवसांनी, कुरडया वाळल्यावर, तिसरं भांडं आलं. रांजण. माझ्याहून उंच. आणि रिकामा.

आईनं आत डोकावून बघितलं आणि तिचा चेहरा एवढासा झाला. "बिचाऱ्यांच्या घरात काही नसेल गं गयाबाई. परकं गाव, नवा संसार. तोंडानं मागायला लाज वाटली असेल, म्हणून नुसता रांजण पाठवला. चला, पावसाळ्याची बेगमी भरून देऊ."

कुरडया वरून टाकल्या तर मोडतात. एकेक हातानं रचावी लागते. म्हणून आईनं मला आत उतरवलं. ती वरून द्यायची, मी तळाशी रचायचे. एक सूप झालं. आई दुसरं सूप आणायला वळली, आणि झप्पकन वरचं झाकण बंद! आत मिट्ट काळोख. रांजण वर निघाला. झोका उंच जातो ना, तसा. मी ओरडले, पण मलाच माझा आवाज ऐकू आला.

झाकण उघडलं तेव्हा मी टाकीत होते.

आता घाबरू नका. मी इथं तुमच्याजवळ बसलेय की नाही? मग.

ते सगळे माझ्याभोवती उभे होते. दाराएवढे उंच. रंग वांग्यासारखा. प्रत्येकाला तीन डोळे. हो शौनक, तीन. दोन आपल्यासारखे आणि एक हनुवटीवर. पाय तीन. आणि छातीवर एकेक डबी. ती डबी त्यांचं बोलणं आपल्या भाषेत करायची. पण ती डबी आमची भाषा शिकली कुठून? तर वाळवणाच्या अंगणात चाललेल्या गप्पा ऐकून. आणि सगळ्यांत मोठा आवाज कुणाचा? गयाबाईचा. त्यामुळं तो एवढा थोरला सेनापती, अंगात लोखंडी चिलखत, डोक्याला लोखंडी टोप, पुढं आला, हात वर केला आणि म्हणाला, "अगं बया! सुटायची न्हाईस आता तू. तुमचं गाव आमी घेतलं बग. ऊन उतरलं की निगायचं."

एरवी मी हसून लोळले असते. पण मी विचारलं, "कुठं निघायचं?"

"लई लांब," तो म्हणाला. "तितनं परत येत नसत्यात गं."

त्या वेळी मला काय वाटलं, सांगू? मला वाटलं, आता आई दिसणार नाही. संध्याकाळी ती दिवा लावेल, मला हाक मारेल आणि मी ओ द्यायला नसेन. मी रडायला लागले. शिपाई गडबडून गेले. एकानं मला करडी गोळी दिली. दुसऱ्यानं माझ्यासाठी तळाच्या कुरडया काढून आणल्या, पण निम्म्या वाटेतच त्यानं खाऊन टाकल्या होत्या. मला काही नको होतं. मला माझी आई हवी होती.

सेनापतीनं हुकूम सोडला. रांजण खाली पाठवा, बाकीचे भरून आणा. रांजण निघाला.

खाली काय झालं, ते मला गयाबाईनं पुढं कितीदा तरी सांगितलं. मी गेल्यापासून आई अंगणभर, गल्लीभर मला शोधत होती. तेवढ्यात रांजण उतरला. आईनं आत बघितलं. कुरडया नाहीत. छबू नाही. तिनं रांजण आडवा केला, बुडावर थापा मारल्या. काही नाही. मग ती उठून उभी राहिली आणि टेकडीकडं बघितलं. नाकपुड्या अशा थरथरत होत्या.

"माझी पोर घेतली," ती म्हणाली, "आणि भांडं रिकामं पाठवलं!"

"द्वारके, अगं कुनाला तरी बोलीव!" गयाबाई म्हणाली.

"कुणाला बोलावू? सरपंचांना? ते अर्ज करतील!"

असं म्हणून आईनं पदर खोचला, लाटणं घेतलं आणि रांजणात शिरली. आई अंगानं जरा भरलेली होती. अर्ध्यात अडकली. मग गयाबाईनं आणि अनुसूयावहिनीनं वरून दाबली, तेव्हा कुठं गेली आत.

टाकीत झाकण उघडलं आणि आईचं डोकं वर आलं. केसांना पीठ, कपाळाला घाम, हातात लाटणं. तिनं त्या तीन डोळ्यांकडं बघितलंसुद्धा नाही. आधी माझ्याकडं आली, पदरानं माझं नाक पुसलं, डोक्यापासून पायापर्यंत हात फिरवून बघितला, धड आहे ना ते. मग मला मागं घेतलं आणि सेनापतीसमोर जाऊन उभी राहिली. त्याच्या छातीला जेमतेम लागत होती.

"टाकीवाले," ती म्हणाली, "तुमच्या घरी काही वळण आहे का नाही?"

सेनापतीची डबी घुरघुरली. "आमी जिंकलोया गं बाई. तुमी समदी आता आमची."

"ते जिंकलं-बिंकलं मला सांगू नका. लाट्या पाठवल्या, खाल्ल्यात. चीक पाठवला, खाल्लात. आजच्या कुरडया खाल्ल्यात, वर माझी लेक ठेवून घेतलीत. आणि भांडं? भांडं रिकामं! शेजारधर्म कशाला म्हणतात ते ठाऊक आहे? घेतलंत ना? मग द्या. तुमच्या घरचं काहीतरी घाला त्या रांजणात. त्याशिवाय मी इथून हलायची नाही."

आता सेनापतीनं ठरवलं असतं तर एका बोटानं आईला चिरडलं असतं. पण त्याला आजवर कुणी मागितलंच नव्हतं काही. लोक एकतर लढायचे, नाहीतर पळायचे. समोर उभं राहून, वळण आहे का नाही, असं कुणी विचारलं नव्हतं. तो गोंधळला. आणि त्याचे शिपाई चीक खाऊन बसलेले! ते आईच्या बाजूनं माना हलवायला लागले.

मग सेनापतीनं एक दार उघडलं. आत सोनं होतं, ढीगच्या ढीग. त्यानं ओंजळभर उचललं.

"हे कुठलं?" आईनं विचारलं.

"एका ताऱ्यावरचं. लुटलंया."

"लुटीचं नको. तुमच्या घरचं घाला."

मग त्यानं दुसरं दार उघडलं. आत एक पाखरू होतं. उजेडाचं. पंख हलवले की भिंतीवर रंग पडायचे. जुई, तू बघायला हवं होतंस गं ते! मला क्षणभर रडायचा विसर पडला.

"हे कुणाचं?"

"दुसऱ्या एका ग्रहावरचं. धरून आनलंया."

"म्हणजे तेही कुणाचं तरी लेकरूच की," आई म्हणाली. "ते आधी त्याच्या घरी सोडा. आणि तुमच्या स्वतःच्या घरचं काय आहे, ते बोला."

मग सेनापतीनं तिसरं दार उघडलं. आत काही नव्हतं. तो तसाच बघत राहिला. इतके तारे लुटले, इतके ग्रह लुटले, पण आपलं म्हणावं असं त्या अख्ख्या जहाजात काही निघेना. शिपाई खाली मान घालून उभे.

मग सेनापतीनं हळूच डोक्यावरचा लोखंडी टोप काढला. आणि आत काय असावं? कानटोपी! लोकरीची, हातानं विणलेली, विरून गेलेली. हनुवटीवरच्या डोळ्यासाठी खाली वेगळं भोक ठेवलेलं. एवढा मोठा सेनापती, आणि टोपाखाली कानटोपी घालून फिरत होता! शिपाई हसतील म्हणून कधी टोप काढत नव्हता.

"आईनं इनली हुती," तो म्हणाला. "वर गार वारं असतंया म्हनून."

त्यानं ती डोक्यावरून काढली आणि रांजणाकडं हात नेला. आईनं मधेच तो धरला.

"राहू दे. घाल डोक्यात," ती म्हणाली. आता तिचा आवाज निराळा झाला होता. मला ताप आला की असायचा, तसा. "किती दिवस झाले रे तुला घर सोडून?"

"याद न्हाई. जिंकल्याबिगार घरी यायचं न्हाई, असं ठरवून निगालो हुतो."

"आईनं सांगितलं होतं तसं?"

"न्हाई. आई म्हनली हुती, येळेवर जेव."

आणि त्याला रडू फुटलं. तो रडायला लागला तसे सगळेच शिपाई रडायला लागले. प्रत्येकाचे तीन डोळे! त्या टाकीत तेव्हा पहिल्यांदा पाणी साठलं, बरं का. माझे पाय ओले झाले.

आईनं सगळ्यांना खाली बसवलं. कनवटीला बांधून आणलेल्या चार कुरडया होत्या, त्या मोडून सगळ्यांना वाटल्या. सेनापती म्हणाला, "जिंकल्याबिगार खायाचं न्हाई, शपथ हाय." आई म्हणाली, "आधी खा. शपथ-बिपथ काही नसते. आईनं वेळेवर जेव म्हटलं होतं ना?" त्यानं कच्चीच कुरडई कुरकुर चावली आणि तीनही डोळे मिटले.

"आता घरी जा सगळे," आई म्हणाली. "जाता जाता वाटेत ज्याचं आहे ते त्याला देत जा. आणि तेवढा तो रांजण भरा."

"त्यात काय घालू?" सेनापती म्हणाला. "माझ्याकडं काईच न्हाई गं."

"आहे की," आई म्हणाली. तिनं मला उचललं आणि रांजणात ठेवलं. "ही घातलीत. आता भांडं रिकामं नाही."

मग ती स्वतः शिरायला लागली. या खेपेला सेनापतीनं वरून दाबायला मदत केली. झाकण लावता लावता तो थांबला. आत वाकून म्हणाला, "घरी गेलो आनि आई नसली तर गं?"

आईनं मला जवळ ओढलं. मी तिच्या पोटाशी होते, तिचा श्वास मला ऐकू येत होता.

मग म्हणाली, "नसली, तर चूल पेटव. तिच्या जागी बस. कुणीतरी भुकेलं येईलच दारात, त्याला वाढ."

त्यानं मान हलवली आणि झाकण लावलं.

आम्ही अंगणात उतरलो तेव्हा ऊन कलत होतं. गयाबाई आम्हाला बघून ओक्साबोक्शी रडली आणि मग रडता रडता म्हणाली, "द्वारके, शेळीनं तुझी समदी कुरडई खाल्ली की गं!" आई पोट धरधरून हसली. तेवढ्यात टेकडीवरून धूर आला, टाकीनं तिन्ही पाय पोटाशी घेतले आणि ती वर वर गेली. गाव पारावर जमलं. सरपंच म्हणाले, "टाकी नेली कशी? उद्याच तक्रारीचा अर्ज करतो!" आईनं कुणाला काही सांगितलं नाही. ती घरात गेली, दिवा लावला आणि उगाचच मला हाक मारली. मी तिच्या शेजारीच उभी होते. तरी मोठ्यानं ओ दिली.

त्या रात्री आईनं माझा हात सोडला नाही. भाकरीसुद्धा एका हातानं थापली. ओबडधोबड झाली होती. तशी भाकरी मला पुन्हा कधी मिळाली नाही.

मग ते लढवय्ये आपापल्या घरी पोचले. ज्याचं सोनं त्याला मिळालं, पाखरू आपल्या झाडावर बसलं. ते तिकडं सुखानं राहिले, आम्ही इकडं सुखानं राहिलो, आणि पृथ्वी कुणी जिंकली नाही ती नाहीच.

काय गं जुई? सेनापतीची आई होती का घरी? ते मला ठाऊक नाही, बाळा. मी पुष्कळदा मनात म्हणते, असू दे, देवा. माझी आई जाऊन आता खूप वर्षं झाली. अजून दिवेलागणीला मला वाटतं, कुणीतरी छबू म्हणून हाक मारेल. पण आता मला सगळे आजीच म्हणतात.

बरं, पुरे झालं. शौनक झोपला की काय? सोंग करतोय मेला! सकाळी उठा, दात घासा, आणि मग माझ्याकडं या. उद्या आपण उडदाचं पीठ कुटू. मला एकटीला नाही झेपायचं, तुम्ही दोघं हात लावा. पहिली लाटी कुणाची, त्यावरून भांडायचं नाही. आता मिटा डोळे. हं, जुई, धर माझा हात. मी आहे इथंच.